कौसल्येच्या वाट्याची सुंठ

चैत्र शुद्ध नवमीला दुपारचे बारा वाजत येतात. राममंदिरात कीर्तन रंगात आलेले असते आणि पाळण्याची दोरी हाती यावी म्हणून सुवासिनींची दाटी झालेली असते. जन्मकाळ होतो, फुले व गुलाल उधळला जातो, पाळणा गायिला जातो. आणि मग प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर सुंठवडा पडतो.

हनुमंताचा जन्म सूर्योदयी, श्रीरामांचा माध्यान्ही, दत्तात्रेयांचा तिन्हीसांजेला, तर श्रीकृष्णाचा मध्यरात्री. वेळा चार; पण महाराष्ट्रात या चारही जन्मोत्सवांचा प्रसाद एकच. एरवी देवापुढे पेढे, शिरा, पुरणपोळी. मग जन्माच्या मंगल घटकेलाच तिखट सुंठ का बरे?

उत्तर आपल्या माजघरात आहे. घरी मूल जन्मले की बाळंतिणीला सुंठ द्यावयाची, ही पूर्वापार चालत आलेली रीत. प्रसूतीनंतर अग्नी मंदावतो आणि वात बळावतो, असे आयुर्वेद मानतो. सुंठ अग्नी प्रदीप्त करते व वात शमविते. सुंठवड्यातील इतर जिन्नस पाहावेत, तर सुके खोबरे, खारीक, खसखस हेही बाळंतिणीच्याच खुराकातले. पुत्रकामेष्टी यज्ञातून आलेले पायस देवांनी दिलेले होते. सुंठ मात्र माणसांची. लेकीसुनेसाठी जे करावयाचे, तेच कौसल्येसाठी, देवकीसाठी, अनसूयेसाठी, अंजनीसाठी केले. देवाला घरचे मूल मानणाऱ्या भक्तीची ही खूण होय.

सुंठ म्हणजे वाळविलेले आले. व्यवहारात आपण त्याला मूळ म्हणतो. वस्तुतः ते जमिनीखाली वाढणारे खोड आहे. चार-पाच किलो ओले आले वाळवावे, तेव्हा जेमतेम किलोभर सुंठ हाती येते. वाळताना त्याचा गुणही पालटतो. ओल्या आल्यातील तिखट द्रव्याचा काही अंश अधिक तीव्र द्रव्यात रूपांतरित होतो, असे रसायनशास्त्र सांगते. आपल्या वैद्यांनी तर ‘आर्द्रक’ आणि ‘शुंठी’ अशी दोन नावे ठेवून दोहोंचे गुण वेगळे वर्णिले. ‘विश्वभेषज’ आणि ‘महौषध’ ही सुंठीचीच नावे. मिरे व पिंपळी यांच्या जोडीने ती ‘त्रिकटू’ होते. ज्वरातील तहानेसाठी चरकांनी सांगितलेल्या षडंगपानीयातही ‘नागर’ या नावाने ती आहेच. खोकल्याशी तर तिचे नाते इतके घरोब्याचे, की औषधावाचून काम झाले म्हणजे आपण सहज म्हणतो, “सुंठीवाचून खोकला गेला!”

चहा घरोघरी पोहोचण्यापूर्वी पाहुण्याच्या किंवा आजाऱ्याच्या हाती सुंठीचा काढा येई. तो करणे अवघड नाही. भुकटीपेक्षा अखंड सुंठ घ्यावी. भुकटीचा वास लवकर उडतो. अतिशय पांढरीशुभ्र सुंठ बहुधा चुन्याच्या पाण्यातून काढलेली असते, म्हणून मातकट रंगाची निवडावी. खलबत्त्यात ती जाडसर कुटून पाव चमचा पूड दोन पेले पाण्यात घालावी. चार तुळशीची पाने व गवती चहाची एखादी पात टाकून मंद आचेवर पाणी निम्मे होईतो उकळावे. शेवटी सुपारीएवढा गूळ घालून गाळावे आणि गरम असतानाच घोट घोट घ्यावे. मध घालावयाचा झाल्यास काढा कोमट झाल्यावरच घालावा. तापविलेला मध आयुर्वेदाने वर्ज्य मानला आहे.

पावसाळी पडसे, जड जेवणानंतरची सुस्ती, प्रवासातील मळमळ यांवर हा काढा उपयोगी पडतो. मळमळीवरील आल्याच्या गुणाला आधुनिक अभ्यासांनीही दुजोरा दिला आहे. पण औषध म्हटले की मात्रा आलीच. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी, विशेषतः चैत्र-वैशाखाच्या उन्हात, तो जपून घ्यावा. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत त्यांनी, तसेच गर्भवतींनी व बाळंतिणींनीही, डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्यावाचून रोजचा परिपाठ ठेवू नये. तान्ह्या बाळाला सहाणेवर सुंठ उगाळून चाटविण्याची प्रथा मात्र आता सोडलेली बरी. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूधच पुरेसे असते, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. आजीच्या मायेचा मान राखूनही एवढे नवे ज्ञान घरात यावयास हवे.

म्हणूनच आज पाळण्यापाशी हात पुढे कराल तेव्हा चिमूटभरच मिळाले म्हणून हिरमुसू नका. तेवढीच त्याची मात्रा आहे. घरी परतल्यावर सुनेला, नातीला त्यामागची गोष्ट सांगा, आणि खलबत्त्याशी बसवून एकदा काढाही शिकवा. प्रसाद जिभेवर क्षणभरच राहतो. त्यामागचे शहाणपण मात्र कोणी सांगितले तरच पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.