गच्चीवरच्या उन्हाचा मालक कोण?

नागपूरच्या उन्हाला आजवर कूलर, वाळा आणि खिशातल्या कांद्याने तोंड दिलं. आता तेच ऊन गच्चीवर कामाला लागलं आहे. छतावरच्या सौरऊर्जेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. बेसा-मनीषनगरपासून जरीपटक्यापर्यंत लोखंडी सांगाड्यांवर चढलेली निळी-काळी पॅनेलं नजरेत भरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने या कामाला वेग दिला. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेसाठी एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्यांचा धूर आणि राख पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या या भागाने सूर्याकडे वळावं, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण पॅनेल बसवणारा ग्राहक छताचं माप घेतो, खर्चाचा हिशेब मांडतो, अनुदानाचा अर्ज भरतो. आपल्या छतावर आज पडणारं ऊन दहा वर्षांनीही पडेल का, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो. कायद्याचं उत्तर त्याला आवडणारं नाही.

धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर अशा जुन्या वस्त्यांत एकमजली-दुमजली बंगले पाडून उंच फ्लॅट स्कीम उभ्या राहत आहेत. शेजारच्या प्लॉटवर दक्षिणेच्या बाजूने सात मजले चढले, की हिवाळ्यात पॅनेलवर दुपारीही सावली येऊ शकते. पॅनेलं एकमेकांना साखळीने जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलवरची सावली बाकीच्यांचंही उत्पादन खाली ओढू शकते. मग दाद कुठे मागायची?

आपल्याकडे उजेडाच्या हक्काचा कायदा आहे आणि तो भलताच जुना आहे: १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम. गंमत अशी, की तो सुरुवातीला मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांताला लागू झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये पोहोचला. म्हणजे या कायद्याच्या बाबतीत नागपूर मुंबईच्या नऊ वर्षं पुढे होतं. त्याच्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीला सलग २० वर्षं, विनाअडथळा आणि हक्काने उजेड मिळत आला असेल, तर तो कायम राहण्याचा अधिकार तयार होतो. मात्र हा कायदा खिडकीतून, झरोक्यातून आत येणाऱ्या उजेडाचा विचार करून लिहिलेला आहे. नुकसान मोजतानाही तो पाहतो, ते आत राहणाऱ्याच्या सोयीला किंवा नेहमीच्या व्यवसायाला किती बाधा आली, हे. महिन्याला किती युनिट घटले, हे त्याच्या चौकटीत सहज बसत नाही. शिवाय पॅनेलचं आयुष्य साधारण २५ वर्षांचं. त्यातली २० हक्क मिळवण्यातच गेली, तर उरलं काय?

आता दुसरी बाजू. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे ‘यूडीसीपीआर’, हरित इमारतीला प्रोत्साहन म्हणून वाढीव एफएसआय देते. मानांकन जितकं वरचं, तितकं वाढीव बांधकाम. हेतू चांगलाच आहे, पण वाढीव एफएसआय म्हणजे बहुतेक वेळा वाढीव उंची. हरित प्रमाणपत्रावर चढलेल्या मजल्याची सावली शेजाऱ्याच्या सौर पॅनेलवर पडली, तर त्या शेजाऱ्याचं नुकसान भरून देण्याची सोय कुठेच नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती धोरण आखणाऱ्यांनीच भरून काढायला हवी.

हरित इमारतीचं मानांकन प्रत्यक्षात पेलता येतं, हे नागपूर मेट्रोने दाखवलं. खापरी, न्यू एअरपोर्ट आणि एअरपोर्ट साउथ या स्थानकांना इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं प्लॅटिनम मानांकन मिळालं. खासगी गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत मात्र ‘ग्रीन’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. ग्राहकाच्या हाती इथे चांगलं हत्यार आहे: २०१६ चा रेरा कायदा. त्याचं कलम १२ जाहिरात आणि माहितीपत्रकातल्या खोट्या विधानांबद्दल बिल्डरला भरपाईला बांधून घेतं. ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल, तर पैसे व्याजासह परत मिळू शकतात. म्हणून माहितीपत्रक जपून ठेवावं. मानांकन बांधकामापूर्वीचं तात्पुरतं आहे की अंतिम, हेही विचारावं. दोन्हींत पुष्कळ अंतर असतं.

याच कायद्याने फ्लॅटधारकांचा आणखी एक गुंता बराचसा सोडवला आहे. सामाईक जागांच्या व्याख्येत गच्ची स्पष्टपणे आहे आणि अपारंपरिक ऊर्जेची यंत्रणाही आहे. रेराखालच्या प्रकल्पात बिल्डरला सामाईक गच्ची परस्पर कुणाला विकता येत नाही. जुन्या इमारतींत प्रश्न अवघड होतो. अनेक स्कीम १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. तिथे ‘डीड ऑफ डिक्लरेशन’मध्ये गच्चीबद्दल काय लिहिलं आहे, ते आधी पाहावं लागतं. वरच्या मजल्यावरच्याने गच्ची आपलीच म्हणून पॅनेल बसवायची आणि बाकीच्यांनी हरकत घ्यायची, असे वाद ठराव न करताच काम सुरू केल्याने होतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरवर यंत्रणा घेणं. त्यासाठी गृहसंस्थांना प्रति किलोवॉट १८ हजार रुपये अनुदान आहे.

यानंतरचा प्रश्न मीटरचा. नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रिडला दिलेली वीज ग्राहकाच्या वापरातून वजा होते. सगळं अर्थकारण या वजावटीवर उभं आहे आणि तिला धक्का देण्याचे प्रयत्न होत आले आहेत. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या मसुद्यात घरगुती ग्राहकांसाठी ती महिन्याला ३०० युनिटपर्यंत मर्यादित ठेवण्याची सूचना होती. हरकतींचा पाऊस पडला आणि अंतिम नियमांतून ती गळाली. २०२५ मध्ये महावितरणच्या दरप्रस्तावात वेळेनुसार दराचा मुद्दा आला. दिवसाची वीज रात्रीच्या वापरातून वजा होणार की नाही, या काळजीने सौर ग्राहक धास्तावले. २८ मार्चचा दरआदेश काही दिवसांतच स्थगित झाला आणि २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला. कर्ज काढून यंत्रणा बसवलेल्या निवृत्त शिक्षकाने अशा वेळी कोणता हिशेब धरावा? गुंतवणूक २५ वर्षांची असेल, तर बसवताना जे नियम होते त्यांची हमी करारातच असायला हवी.

ग्राहकाच्या बाजूने केंद्राचे २०२४ चे सुधारित नियम आहेत. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही. पाच किलोवॉटपर्यंत वितरणव्यवस्था सक्षम करण्याचा खर्च वीज कंपनीने सोसायचा असतो. ‘ट्रान्सफॉर्मरवर जागा नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं, तर ते लेखी मागावं. आधी महावितरणकडे तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी पायरी आहे. लोकपालांचं कार्यालय नागपुरातही आहे आणि वकील न लावताही तिथे बाजू मांडता येते. दराच्या आदेशाविरुद्ध मात्र दिल्लीचं अपिलीय न्यायाधिकरण गाठावं लागतं, आणि सामान्य ग्राहकाला ते परवडत नाही. वीज कायदा जाणणाऱ्या स्थानिक वकिलांची आणि ग्राहक संघटनांची गरज इथेच आहे.

राज्य सरकारने विकास नियमावलीत एक तरतूद तातडीने करावी: नव्या इमारतीला मंजुरी देताना शेजारच्या नोंदणीकृत सौर यंत्रणेवर किती सावली पडेल, याचा आराखडा मागवावा आणि नुकसान होणार असेल तर भरपाई ठरवावी. तोवर वाचकांनी आपल्यापुरतं एवढं करावं: गच्चीचा लेखी ठराव, पुरवठादाराशी केलेला पाच वर्षांच्या देखभालीचा करार, नेट मीटरिंगचा करार आणि प्रत्येक अर्जाची पोच एका फाइलीत लावून ठेवावी.