पुराच्या पाण्यास खातें नसतें

आषाढ लागला कीं कोल्हापुरांतील पुष्कळ घरीं वर्तमानपत्र उघडतांच सोन्याच्या भावाच्याही आधीं एक आंकडा पाहिला जातो. तो म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेच्या पातळीचा. ३९ फूट झाले म्हणजे इशारा आणि ४३ फूट झाले म्हणजे धोका, हें येथील शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. २०१९ च्या ऑगस्टांत हा आंकडा ५५ च्या पुढें गेला, आणि दोनच वर्षांनीं, जुलै २०२१ मध्यें, तो ५६ वर जाऊन पोहोंचला. पहिल्या पुराच्या वेळीं पुणें-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखालीं जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. पाणी उपसणारीं केंद्रेंच बुडाल्यामुळें पाण्यानें वेढलेल्या शहरास प्यावयास पाणी मिळेना. आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळ येथें माणसें बाहेर काढणारी नावच उलटून अनेकांचे प्राण गेले.

पूर ओसरल्यावर, दोष कोणाचा, या प्रश्नाचा खल घरोघर झाला. आम्हांस मात्र असें दिसतें कीं, एकेका कचेरीकडे निरनिराळें पाहूं गेल्यास बहुतेक जण आपापल्या कामापुरते बरोबरच ठरतात. पावसाचा अंदाज सांगणें हवामानखात्याकडे. धरणें जलसंपदा खात्याकडे. पावसाळा सरतेवेळीं तीं भरलेलीं असावीं आणि उन्हाळ्यांत उंसास व पिण्यास पाणी पुरावें, ही त्याची जबाबदारी. गांवें रिकामीं करविणें जिल्हाधिकाऱ्यांकडे, शहरांतील पाणीपुरवठा महानगरपालिकेकडे, महामार्गाचा भराव व पूल आणखी तिसऱ्याच खात्याकडे. धरण भरून ठेवणें हें शेतकऱ्याच्या दृष्टीनें शहाणपण. त्याच धरणांत ऐन पावसाळ्यांत रिकामी जागा राखणें हें पुराच्या दृष्टीनें शहाणपण. भराव उंच केल्यानें रस्ता वांचतो, पण त्याच भरावानें पाणी तुंबतें. अशा दोन खऱ्या गोष्टींचा मेळ कोणतेंही एक खातें एकट्यानें घालूं शकत नाहीं. तो सर्वांनीं एकत्र बसून, आणि तोही पाऊस येण्यापूर्वीं, घालावा लागतो.

राजर्षी शाहू छत्रपतींनीं ज्याचा आरंभ केला, त्या राधानगरीच्या धरणाचें उदाहरण घ्या. त्यास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलें कीं ते कोणाच्या हुकुमाची वाट न पाहतां उघडतात, व एकेकांतून दर सेकंदास सुमारें १,४०० घनफूट पाणी भोगावतींत उतरतें. हेंच पाणी कासारी, कुंभी व तुळशी यांच्या पाण्यास मिळून पंचगंगा या नांवानें कोल्हापुरास येतें आणि पुढें नृसिंहवाडीस कृष्णेंत मिसळतें. दरवाजा आपोआप उघडतो. बातमी मात्र आपोआप चालत नाहीं. ती कोणी तरी पाठवावी लागते, आणि ती ऐकून काय करावयाचें हें दुसऱ्या कोणास तरी आधीं ठाऊक असावें लागतें.

कृष्णा पुढें कर्नाटकांत अलमट्टीच्या धरणास जाऊन मिळते, आणि तेथें दोन राज्यांची गांठ पडते. या धरणाची पातळी ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्यास २०१० सालीं कृष्णा लवादानें मान्यता दिली, व २०२५ सालीं महाराष्ट्रानें तिला पुन्हा विरोध केला. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनें थोड्या दिवसांत कोसळलेला अतोनात पाऊस व नदीकाठचीं अतिक्रमणें यांवर बोट ठेवलें. अलमट्टीच्या फुगवट्यास तिनें मुख्य दोष दिला नाहीं. तरीही लोकांच्या मनांतील शंका फिटली नाहीं. आंकडे एकत्र बसून पाहिलेले नसले म्हणजे दुसऱ्याच्या आंकड्यावर कोणाचाच विश्वास बसत नाहीं, हें त्याचें कारण. म्हणूनच जून २०२१ मध्यें आपले त्या वेळचे जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनीं बंगळुरास जाऊन तेथील तत्कालीन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची भेट घेतली, व पुराच्या काळांत एकमेकांस वेळच्या वेळीं माहिती देण्याची बोलणीं केलीं, ही गोष्ट आम्हांस मोठ्या मोलाची वाटते. लवाद पाण्याची वांटणी वर्षांच्या हिशेबानें करतो. पूर घटकांच्या हिशेबानें चढतो. युरोपांत ऱ्हाईन नदीस १९९३ व १९९५ सालीं मोठे पूर आले, तेव्हां तिच्या कांठच्या देशांनीं १९९८ सालीं एक सामायिक योजना आंखली. नदीस पसरावयास जागा द्यावी आणि पुराची पूर्वसूचना अधिक लवकर मिळावी, हीं तिचीं मुख्य सूत्रें होतीं.

हें तत्त्व आपणांस नवें आहे असें मुळींच नाहीं. नृसिंहवाडीस पाणी चढूं लागलें म्हणजे श्रींची उत्सवमूर्ति नारायणस्वामींच्या मंदिरांत नेतात. उत्तरेकडून शिरलेलें पाणी दक्षिणद्वारानें वाहूं लागलें म्हणजे भाविक दक्षिणद्वार सोहळ्याचें स्नान करतात. मूर्ति केव्हां हलवावयाची, कोठें ठेवावयाची व नित्यपूजा कोठें चालवावयाची, याचा विचार पाणी पायरीस लागल्यावर सुरू होत नाहीं.

उलट २०१९ च्या पुरांत एका शाळेंत आसरा घेतलेल्या कुटुंबांकडे एकाच सकाळीं चार मंडळ्यांनीं पुलाव नेला, आणि रात्रीं कोणीच फिरकलें नाहीं. तान्ह्या मुलांचें दूध व म्हाताऱ्यांचीं रक्तदाबाचीं औषधें यांची आठवण चौघांपैकीं एकासही झाली नव्हती. त्या चार मंडळ्यांपैकीं एक आमची होती, हें सांगतांना संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशीं तेथील एका शिक्षिकाबाईंनीं वर्गांतला फळा व्हरांड्यांत आणून कोणीं, कोणत्या वेळीं, काय आणावयाचें हें त्यावर लिहून टाकलें. त्यानंतर त्या शाळेंत कांहीं उणें पडलें नाहीं, आणि वायांही गेलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत लग्नकार्य निघालें म्हणजे याद्या कशा होतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तशीच एक यादी प्रत्येक गल्लीनें वैशाखांतच करावी : अंथरुणास खिळलेलें कोण आहे, कोणास कोणतें औषध लागतें, वरचा मजला कोणाचा मोकळा आहे, गुरें कोठें न्यावयाचीं. तिची एक प्रत महानगरपालिकेच्या विभागीय कचेरींत अथवा गांवच्या तलाठ्याकडे द्यावी, आणि ती पोहोंचल्याची सही घेऊन यावी. दरवाजे उघडावयाचे तेव्हां उघडतीलच. त्याआधीं आपल्या आळीचा फळा तरी लिहून झालेला असावा.