डाळिंबाचे दाणे की रस?

करकंबकरांनो, बाजार आमटी भुरकून झाली की मूठभर डाळिंबाचे दाणेही खा! आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण मात्र डाळिंब आजाऱ्याला भेटायला जातानाच घेतो. पण लठ्ठपणात त्याचा काही उपयोग होतो का? लठ्ठपणात शरीरात सौम्य दाह धुमसत राहतो, इन्सुलिनचं काम बिघडतं. डाळिंबातल्या प्युनिकॅलॅजिन या घटकापासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाचं संयुग बनवतात. प्रयोगशाळेत ते दाह कमी करताना दिसलंय. गंमत म्हणजे, सगळ्यांच्या पोटात ते सारखं बनत नाही! माणसांवरच्या काही चाचण्यांत रक्तदाब थोडा उतरला, वजनाबाबत मात्र ठोस काही हाती नाही. गाळलेल्या रसात साखर उरते, चोथा जातो. म्हणून दाणेच चावून खा. आणि हो, मधुमेह असेल तर त्याच्या गोळ्या बंद करून नव्हे.