बिलावरचा लहान आकडा

क्रेडिट कार्डाचं बिल उघडलं की दोन आकडे ठळक दिसतात. एक मोठा, छातीत धस्स करणारा, एकूण देय रकमेचा. त्याच्याजवळच दुसरा, लहानसा आणि दिलासा देणारा, ‘मिनिमम ड्यू’चा. साठ हजारांच्या थकबाकीवर तो असतो तीन हजारांच्या आसपास. महिना ओढाताणीचा असला, मुलांची फी भरायची असली, त्यात घरच्या कुत्र्याला दवाखान्यात न्यावं लागलं असलं, की हात आपोआप या लहान आकड्याकडे जातो. तो भरला की विलंब शुल्क टळतं, वसुलीचा फोन येत नाही आणि महिना पार पडतो.

आता सांगा, दर महिन्याला हाच लहान आकडा भरत राहिलं तर साठ हजार कधी फिटतील? मनाशी एक उत्तर धरा आणि मग पुढचा हिशेब पाहा.

समजा, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. आपल्याकडच्या अनेक कार्डांवर दर साधारण एवढाच असतो. व्याजावर १८ टक्के जीएसटी आहे. किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के आहे, आणि कार्डावर नवी खरेदी एका रुपयाचीही नाही. पहिल्या महिन्याचं व्याज २,१०० रुपये, त्यावर कर ३७८, मिळून २,४७८. थकबाकी झाली ६२,४७८. तिचे पाच टक्के म्हणून तुम्ही ३,१२४ रुपये भरलेत. मुद्दल किती उतरलं? ६४६ रुपये! वाळूच्या ढिगावर पाच पावलं चढावं आणि चार घसरावं, तशी ही चढण.

खरं नवल तर पुढेच आहे. थकबाकी जराशी उतरली की तिचे पाच टक्केही जरासे उतरतात. पुढच्या महिन्यात बिल म्हणतं, आता ३,०९० भरले तरी चालतील. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी थोडे कमी. तुमचं भरणं कर्जाच्या मापाने आक्रसत जातं, आणि भरणं आक्रसलं की कर्जाचा उतारही मंदावतो. असे ६४ महिने जातात. पाच वर्षं आणि वर चार महिने. तोवर तुम्ही जवळजवळ १ लाख ४५ हजार रुपये भरलेले असतात. आणि शिल्लक कर्ज? तीस हजार. साठाचं फक्त निम्मं झालेलं!

हे पचायला वेळ लागतो. लागू द्या. कारण याच हिशेबाची दुसरी बाजू इतकी सुंदर आहे की ती नीट कळण्यासाठी आधी ही पुरती कळायला हवी.

तेच कार्ड घ्या, तेच साठ हजार, तोच साडेतीन टक्के दर. पहिल्या महिन्यात तेच ३,१२४ रुपये भरा. मात्र दुसऱ्या महिन्यात बिल ‘जरा कमी चालेल’ म्हणालं तरी ऐकू नका. पुन्हा ३,१२४ भरा. तिसऱ्या महिन्यातही ३,१२४. खिशातून पहिल्या महिन्यापेक्षा एक रुपयाही जास्त जात नाही. काय होतं? ३९व्या महिन्यात कर्ज संपतं. साफ. एकूण भरणा सुमारे १ लाख २२ हजार. म्हणजे आधीच्या माणसाने अर्धं कर्ज शिल्लक असताना जेवढं भरलं होतं, त्याहून कमी पैशांत हा माणूस पूर्ण मोकळा होतो. जादा पगार मिळालेला नाही, लॉटरी लागलेली नाही. हप्ता आक्रसू दिला नाही, एवढंच.

आता त्या ३,१२४मध्ये एक हजार घाला. ३९ महिन्यांचे होतात २३! सोळा महिने वाचले आणि सुमारे २८ हजार रुपयेही. आणखी एक हजार घातला तर? १७ महिने. या दुसऱ्या हजाराने सहा महिने वाचवले, दहाएक हजार रुपये वाचवले. तेही थोडं नाही, पण पहिल्या हजाराच्या पराक्रमापुढे फिकं आहे. का बरं? कारण सुरुवातीच्या ३,१२४मधले २,४७८ व्याज-कराच्या तोंडी जातात आणि मुद्दलाला भिडतात फक्त ६४६. वरचा हजार मात्र अख्खाच्या अख्खा मुद्दलावर जातो. ६४६चे एका झटक्यात १,६४६ होतात, अडीचपट! घरखर्चातून कष्टाने बाजूला काढलेला पहिला हजार रुपया हा कर्जाच्या दुनियेतला सगळ्यात बलवान रुपया असतो, आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे सुटतात, त्याच्याच हातात तो असतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

बिलावरच्या लहान आकड्याची आणखी एक करामत आहे, आणि ती आपल्या डोक्यात घडते. ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नील स्ट्यूअर्ट यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कार्डाचं काल्पनिक बिल दाखवून किती भराल असं विचारलं. काहींच्या बिलावर किमान रक्कम छापलेली होती, काहींच्या बिलावर नव्हती. जे बिलाचा काही भागच भरणार होते, त्यांच्यात किमान आकडा दिसलेल्यांनी बरीच कमी रक्कम सांगितली. माणसाचं संरक्षण म्हणून छापलेला आकडा त्यालाच खाली ओढत होता! तो आकडा लागतोच, हेही खरं. किमान रक्कम भरूनही कर्ज वाढतच जाईल अशी ती ठेवायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२चा दंडक आहे. दंडक तुम्हाला बुडू देत नाही. काठाला लागायचं काम तुमचं.

व्याज मुद्दलाला गिळतं, ही भीती आपल्या पूर्वजांनाही पुरती ठाऊक होती. व्याजासकट रक्कम मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये असं मनुस्मृतीत सांगितलं आहे, आणि त्यातूनच दामदुपटीचा नियम रूढ झाला. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातली न्यायालयं हा नियम मानत. तिकडे युरोपात १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली याच्या गणिताच्या ग्रंथात एक झटपट युक्ती छापली गेली. ७२ला व्याजदराने भागा, रक्कम किती काळात दुप्पट होते ते कळतं. करून पाहा. ७२ भागिले साडेतीन, साधारण साडेवीस. म्हणजे साडेतीन टक्क्यांनी न फेडलेली रक्कम वीस-एकवीस महिन्यांत दुप्पट. पाचशे वर्षांपूर्वीची युक्ती, आजच्या बिलावर अचूक बसते.

तर मग तो बलवान हजार आणायचा कुठून? इथे घरखर्च येतो, आणि दाराशी शेपटी हलवत उभा असलेला घरातला चार पायांचा सभासदही येतो.

कार्डाबद्दलची एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. पूर्ण बिल भरणाऱ्याला खरेदीवर ४५-५० दिवसांपर्यंत बिनव्याजी मुदत मिळते. पण थकबाकी पुढे ओढली की ही मुदत नव्या खरेदीवरूनही उठते. मग कुत्र्याच्या खाण्याची तीन हजारांची पिशवी कार्डावर घेतली, की तिच्यावर त्याच दिवसापासून व्याज धावू लागतं. महिन्याला करासह १२४ रुपये. कुत्रा पिशवी संपवतो, पण पिशवीचं व्याज संपत नाही. दूध, किराणा, गॅस, सगळ्यांचं तेच. म्हणून कार्ड फेडायला घेतल्यावर पहिलं पाऊल असं की रोजचा खर्च यूपीआयने किंवा रोखीने करायचा आणि कार्ड कपाटात ठेवायचं. कार्डाचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात, त्यामुळे पगार झाल्या दिवशी, बिलाच्या शेवटच्या तारखेची वाट न पाहता पैसे भरले, तरी तेवढ्या दिवसांचं व्याज वाचतं.

आता कुत्र्याची वाटी. प्राण्यांच्या भुकेलाही एक गणित आहे, आणि ते थक्क करणारं आहे. माक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवलं की प्राण्याचं वजन वाढतं त्या प्रमाणात त्याची ऊर्जेची गरज वाढत नाही. ती वजनाच्या पाऊण घाताने वाढते. तीन किलोचा पॉमेरेनियन आणि तीस किलोचा लॅब्राडोर घ्या. वजन दहापट, पण गरज फक्त साडेपाच-पावणेसहापट! आपण मात्र वाटी डोळ्यांच्या अंदाजाने भरतो, आणि मोठ्या कुत्र्याकडे पाहून अंदाज हमखास सैल सुटतो.

सैल वाटीची किंमत फक्त पैशांत मोजायची नसते. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास झाला. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं जाई. कमी खाणाऱ्यांचं आयुष्य, मध्यक धरला तर, ११.२ऐवजी १३ वर्षं भरलं. सांधेदुखीही उशिरा आली. जवळजवळ दोन वर्षं जास्त सोबत! आधीच सडपातळ असलेल्या कुत्र्याचं खाणं कापू नका, आणि कोणाचंही कापण्याआधी डॉक्टरांना विचारा. पण पिशवीमागे छापलेलं माप वाचून, वजनकाट्यावर तोलून वाटी भरली, तर पिशवी जास्त दिवस पुरते आणि कुत्राही. घरखर्चातली दुसरी कुठलीही काटकसर ज्याच्यावर करतो त्याचं आयुष्य वाढवत असेल, असं मला दिसलेलं नाही.

पाळीव प्राण्याचे ‘अचानक’ म्हणून येणारे बरेचसे खर्च मुळात अचानक नसतातच. रेबीजची लस दर वर्षी येते. जंताचं औषध साधारण तीन महिन्यांनी येतं. पावसाळ्यात गोचीड येतात, त्यांचंही औषध लागतं. वर्षाचं हे सगळं नऊ हजारांना पडतं असं समजू. मग महिन्याला ७५० रुपये वेगळ्या खात्यात टाकले की लसीच्या दिवशी कार्ड बाहेर काढावं लागत नाही. भिशी लावणाऱ्या घरांना ही शिस्त शिकवावी लागत नाही. खर्चाचा भार हलका करायला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे.

अर्थात खरोखर अचानक येणारंही असतंच. मध्यरात्री कुत्र्याने काहीतरी गिळलेलं असतं. म्हणून ४२ टक्के वार्षिक दराचं कर्ज डोक्यावर असतानाही दहा-पंधरा हजार बचत खात्यात ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. नुसतं गणित पाहिलं तर हे चूक दिसेल. जेमतेम व्याज देणाऱ्या खात्यात पैसे का ठेवायचे? पण ते पैसे नसतील, तर त्या रात्रीचं बिल पुन्हा कार्डावरच चढतं.

कर्जं दोन-तीन असली तर आधी कुठलं फेडायचं? हिशेब म्हणतो, सगळ्यात जास्त दराचं. पण डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांना २०१२मध्ये आढळलं की जी माणसं छोटी छोटी कर्जखाती एकेक करून बंद करत जातात, ती सगळं कर्ज संपवण्यापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त असते. खातं बंद होण्याचा आनंदच पुढचं बळ देतो. दर जवळपास सारखे असतील तर मी या आनंदाच्या बाजूने आहे. पण एकीकडे ४२ आणि दुसरीकडे १४ टक्के असतील, तर आधी ४२. आणि नोकरीच्या ठिकाणच्या पतसंस्थेचं किंवा बँकेचं सोनेतारण कर्ज कमी दराने मिळत असेल, तर महाग कर्ज स्वस्तात बदलून घेण्यात कमीपणा कसला? हप्ता मात्र तोच ठेवायचा.

हे १४ टक्केवालं कर्जही उघडून पाहण्यासारखं आहे. तीन लाखांचं पर्सनल लोन, मुदत पाच वर्षं, हप्ता ६,९८० रुपये. पहिल्या हप्त्यात व्याज किती? ३,५००. मुद्दल ३,४८०. शेवटच्या हप्त्यात व्याज जेमतेम ८० रुपये. साठही हप्ते बाहेरून सारखे, आतून प्रत्येक वेगळा! भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त मुद्दल आणि व्याज एकत्र दिलं असता ते वेगळं कसं काढायचं, याची गणितं घातली आहेत. तेव्हाचं व्याज सरळ होतं, पण कुतूहल तेच.

आता दोन्ही कर्जं एकत्र धरा. कार्डावर दर महिन्याला ४,१२४ रुपये, पर्सनल लोनचा हप्ता ठरल्याप्रमाणे. २३ महिन्यांनी कार्ड फिटतं. लोनचे ३७ हप्ते उरलेले असतात, मुद्दल साधारण २ लाख ९ हजार. कार्डाचे सुटलेले ४,१२४ घरखर्चात मिसळू द्यायचे नाहीत. ते त्याच तारखेला लोनच्या मुद्दलात भरायचे. मुदतीआधी फेडीचं शुल्क आहे का ते करारात आधी वाचून घ्या, आणि ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्या. ३७ महिन्यांचे होतात २२. साठाव्या महिन्यात संपणारं कर्ज पंचेचाळिसाव्यातच संपतं. मूळ मुदत संपायला अजून पंधरा महिने असतात, आणि दर महिन्याला ११,१०४ रुपये मोकळे असतात. त्या पंधरा महिन्यांत तेच बाजूला टाकत गेलं, तर १ लाख ६६ हजार रुपये घराच्या स्वतःच्या नावावर जमा होतात, व्याज वेगळं.