बर्फाचं बिघडलेलं वेळापत्रक

२०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडेबोडके होते. तिथल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा त्या वर्षी फेब्रुवारीत बर्फ आल्यामुळे निभावल्या. २०२५ मध्ये मात्र त्या बर्फाअभावी मार्चवर ढकलाव्या लागल्या. एवढ्यावरून काश्मीरचा हिवाळा संपला म्हणणं घाईचं होईल. बर्फ पडतो, कधी तर बदाबदा पडतो. बिघडलंय ते त्याचं वेळापत्रक, आणि तिथलं हिवाळी पर्यटन उभं आहे ते त्यावरच. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे काश्मिरींचा ‘चिल्लई कलान’. या कडाक्यात पडलेला बर्फ कोरडा, भुसभुशीत असतो. तो टिकतो, थरावर थर चढतात. मार्चमधला बर्फ ओला, जड, आणि ऊन लागताच पाणी होऊ लागणारा. वर्षाची बेरीज तीच आली तरी नाताळच्या सुटीत पुण्या-मुंबईहून गेलेल्या कुटुंबाला तो काय कामाचा? त्या गिऱ्हाइकावर पोट असलेल्या घोडेवाल्याला, स्लेज ओढणाऱ्याला तरी काय कामाचा?

असे चढउतार पूर्वीही होत, हा आक्षेप निम्मा खरा आहे. हा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो आणि ते कधी कमी येतात, कधी जास्त. पण विक्षोभ आल्यावर पाऊस पडणार की बर्फ, हे तापमान ठरवतं. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे एका अंशाची वाढ हिमरेषेला सुमारे दीडशे मीटर वर रेटते. जेमतेम २,६५० मीटरवरच्या गुलमर्गला ते जड जातं. उलट उबदार हवा दर अंशामागे सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे उंचावर एखाद्या वादळात प्रचंड बर्फ कोसळला तर तोही तापमानवाढीविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

मग यंत्राने बर्फ करावा? बीजिंगचं २०२२चं हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ सगळं तशाच बर्फावर झालं. पण त्या यंत्रांना भरपूर पाणी, वीज आणि मुळात गोठवणारी हवा लागते. ज्या वर्षी त्यांची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच वर्षी ती हवा नसते. राहिला मार्ग वर सरकण्याचा. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवाट डोंगरावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेतो, मात्र तिथले उतार तीव्र आहेत, हिमस्खलनाचा धोका मोठा आहे. सराईत स्कीअर तिथे जाईल. पहिल्यांदाच बर्फ पाहायला आलेलं, कडेवर मूल असलेलं कुटुंब खालच्या मैदानातच थांबेल, आणि स्लेजवाल्यांची कमाईही तिथेच होते.