मारवा की पूरिया?

आमच्या शिरूर अनंतपाळात एक मोठी सोय आहे. वर्तमानपत्रात तुमच्या नावाने काही छापून आले, तर त्यावरचा अभिप्राय ऐकायला टपालाची वाट पाहावी लागत नाही. सकाळी पिशवी घेऊन किराणा दुकानापर्यंत जावे, अभिप्राय तिथे रोख मिळतो. उधारीचे कामच नाही.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच आटोपली असताना, लातूरला एका तरुण गायिकेची मैफल झाली. मुलगी आमच्याच भागातली, वडील शाळामास्तर, आणि एवढ्या श्रोत्यांपुढे गाण्याची तिची पहिलीच खेप. मी व्यवसायाने मराठीचा प्राध्यापक. गाणे कुणापुढे बसून शिकलेलो नाही. पण ऐकण्याचे वेड लहानपणापासूनचे, आणि लिहिण्याची खोड त्याहून जुनी. त्यामुळे जिल्ह्याच्या एका दैनिकात मी अधूनमधून बैठकींविषयी लिहितो. मानधन नाही, पहिल्या रांगेतली खुर्ची तेवढी मिळते. त्या संध्याकाळी एस. टी. उशिरा पोचली. रागाचे नाव जाहीर झाले तेव्हा मी अंधारात खुर्ची चाचपत होतो. स्वर कानांवर पडले, मी मनाशी म्हटले, 'मारवा!' आणि दुसऱ्या दिवशी लिहून टाकले की, बाईंनी मारवा घेतला खरा, पण त्या रागाचा प्राण असलेले रिषभ-धैवत फिके राहिले, मारव्याची उदासी उमटलीच नाही. ही वाक्ये मला स्वतःला फार आवडली होती.

लेख आला त्या सकाळी दुकानदारकाका साखर तोलता तोलता म्हणाले, "सर, रागावणार नसाल तर एक बोलू का?"

"बोला की, काका."

"परवा मी बी होतो मागल्या रांगेत. पोरीनं मारवा नव्हता गायला. पूरिया होता. मारवा असता, तर माझी बोटं रिषभ-धैवतावर मुक्कामाला गेली असती. ती सारा वेळ गंधार-निषादावर बसून होती."

हे काका गावच्या भजनी मंडळात तीस वर्षे पेटी वाजवतात. गाणे ऐकताना त्यांची बोटे मांडीवर चालत असतात. आमच्या जिल्ह्यातल्या साध्या श्रोत्याला कमी लेखू नये. औशाच्या नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा ज्या मुलखात नांदते, तिथे ताल-सूर कळायला माणसाला मैफलीचे तिकीट काढावे लागत नाही.

रागदारीशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मारवा आणि पूरिया या दोन्ही रागांत स्वर तेच. षड्ज, कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद. पंचम दोन्हींत वर्ज्य. फरक आहे तो कोणत्या स्वरावर भार द्यायचा आणि कुठे विसावायचे यात. मारवा रिषभ-धैवतावर रेंगाळतो, पूरिया गंधार-निषादावर. मराठीच्या मास्तराला हे अवघड वाटायचे कारण नव्हते. 'तूच उद्या येणार' आणि 'तू उद्याच येणार' यांत शब्द तेच आहेत, एक 'च' जागा बदलतो आणि सारा अर्थ फिरतो. वर्गात मी हे दरवर्षी शिकवतो. गाण्यात मात्र तो 'च' मला ऐकू आला नव्हता. जे त्या मुलीने गायलेच नाही, ते नीट न गायल्याचा ठपका मी तिच्यावर ठेवला होता. भाकरीला पुरणपोळी समजून 'गोडवाच नाही' म्हणावे, तसला हा प्रकार.

वाचकहो, चूक कळल्यावर मी ती लगेच मान्य केली असे सांगता आले असते तर किती बरे झाले असते! प्रत्यक्षात साखरेची पुडी घेऊन घरी पोचेपर्यंत मी तीन बचाव तयार केले होते. पहिला, दोन्ही राग मारवा थाटाचेच, मग एवढे काय बिघडले? दुसरा, भजनात पेटी वाजवणाऱ्याला ख्यालगायकीतले काय कळणार? तिसरा, वाचणाऱ्यांपैकी कितीजणांच्या हे ध्यानात येणार आहे? हे तिन्ही मी चहाबरोबर आमच्या सौभाग्यवतींपुढे मांडले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मुलांच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की तुम्ही लाल शाई काढता. आज ती शाई संपली वाटतं?"

त्यानंतरचे काही दिवस मी जुन्या जाणत्यांच्या आठवणींत घालवले. आपल्याकडे गाण्यावर मराठीत साक्षेपाने लिहिणाऱ्यांत केशवराव भोळे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग' ही त्यांची टोपणनावे. मोठमोठ्या गवयांच्या गाण्याची त्यांनी निर्भीड चिकित्सा केली. टोपणनावाची मला पूर्वी मोठी असूया वाटे. आडून बाण मारावा आणि सुखाने झोपावे! पण भोळे आडून राहिले नाहीत. 1933 साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, त्याचे संगीत त्यांचे होते. पुढे 'प्रभात'मध्ये 'अमृतमंथन' (1934), 'संत तुकाराम' (1936), 'कुंकू' (1937) अशा चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. इतरांचे गाणे तोलणाऱ्याने आपले काम उघड्यावर मांडले आणि लोकांना म्हटले, आता तुम्ही तोला. टोपणनावाच्या निर्भयपणापेक्षा ही निर्भयता मोठी आहे.

दुसरे वामनराव देशपांडे. हे हिशेबतपासनीस. दिवसभर लोकांच्या वह्या तपासणारा हा माणूस गाण्याचा निस्सीम उपासक होता. मोगूबाई कुर्डीकरांकडे त्यांनी तालीमही घेतली. त्यांचे 'घरंदाज गायकी' 1961 साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी स्वर आणि लय अशी दोन टोके मानून घराण्यांच्या जागा ठरवल्या. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या बाजूला, आणि जयपूरमध्ये दोहोंचा तोल. आता मोगूबाई जयपूर घराण्याच्या. तेव्हा 'तुमचा तराजू तुमच्याच घराण्याकडे झुकला' असे कुणीही म्हणू शकतो. पण असे म्हणता येते, याचे श्रेयही वामनरावांकडेच जाते! त्यांनी नुसते 'अमका श्रेष्ठ' असे सांगितले नाही. माप कोणते, ते कसे लावले, हे सारे हिशेबाच्या वहीसारखे उघडून ठेवले. म्हणूनच त्यांच्याशी मुद्द्याने भांडता येते. 'गाणे रंगले नाही' एवढेच लिहिणाऱ्याशी काय भांडणार?

तिसरा दाखला विलायतेचा. नाटककार बर्नार्ड शॉ उमेदीच्या काळात लंडनच्या 'स्टार' पत्रात 'कॉर्नो दि बासेटो' या विचित्र नावाने संगीतावर लिहीत असे. त्याच्या लेखणीला धार फार. ब्राम्स या थोर जर्मन संगीतकाराची त्याने यथेच्छ टर उडवली. पण हाच शॉ म्हातारपणी ते जुने लेख पुस्तकरूपाने काढताना, ब्राम्सविषयी आपण उतावळेपणाने लिहिले होते, अशी कबुली छापून मोकळा झाला. शॉसारख्या तिखट माणसाला जे जमले, ते शिरूर अनंतपाळच्या मास्तराला जमू नये?

मी दैनिकाकडे दुरुस्ती पाठवली. चार ओळींची, पण त्या लिहायला मूळ लेखापेक्षा जास्त वेळ लागला. पहिल्या खर्ड्यात 'श्रवणातील सूक्ष्म गल्लतीमुळे' असे काहीसे होते. ते खोडले. 'राग पूरिया होता. मी तो मारवा समजलो. त्यामुळे मी काढलेला दोष निराधार होता' असे लिहिले. मग एका रविवारी त्या मुलीच्या घरी गेलो. वडिलांनी माझ्या लेखाचे कात्रण घडी घालून पंचांगात ठेवले होते. ते म्हणाले, "सर, दोन आठवडे तिने तंबोरा हातात धरला नाही." माझ्या लेखी ती दोन सुंदर वाक्ये होती, त्या घरात ती दोन आठवड्यांची शांतता होती.

मुलीने चहा आणून ठेवला. थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "काका, दुरुस्ती छापलीत, बरं वाटलं. पण तारसप्तकात माझा आवाज दोनदा उतरला होता. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. ते लिहिलं असतंत तर मला उपयोग झाला असता."

त्या दिवसापासून माझ्यावर होणाऱ्या टीकेची मी मनात वाटणी करून ठेवली आहे. वस्तुस्थितीची चूक कुणी दाखवली, तर वाद घालायचा नाही; पडताळून पाहायचे आणि खरी असेल तर तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्त करायची. रुचीचा मतभेद असेल, तर आपली कारणे पुन्हा सांगायची आणि समोरच्याची ऐकायची. तिथे माघार घेण्याचे कारण नाही, आणि जिंकण्याचेही नाही. एखाद्या नामवंताच्या भक्ताने रागाच्या भरात शिव्याच घातल्या, तर त्याच्या प्रेमाला नमस्कार करून गप्प बसायचे.

राहिला तो नेहमीचा प्रश्न, "तुम्हाला तरी गाता येतं का?" यावर 'स्वयंपाक येत नसला तरी मीठ कमी आहे हे कळते' हे उत्तर पूर्वी मी ऐटीत देत असे. आता जरा बिचकतो. मीठ कमी आहे हे जेवणाऱ्याने जरूर सांगावे. तो त्याचा हक्कच आहे. पण फोडणीत काय चुकले हे सांगायचे, तर निदान चुलीपाशी थोडा वेळ उभे राहिलेले असावे. म्हणून गेली दोन वर्षे काकांच्या पेटीपाशी बसून मी रोज संध्याकाळी स्वर ओळखायला शिकतो आहे. या वयात विद्यार्थी होणे अंगाला चांगले असते.

गेल्या वर्षी ती मुलगी पुन्हा लातूरला गायली. मी आधीची एस. टी. पकडली आणि रागाचे नाव ऐकूनच खुर्चीला पाठ टेकली. लिहिले की, तारसप्तकातला आवाज आता स्थिर झाला आहे, द्रुतात मात्र लय थोडी धावते. लेख आला त्या सकाळी दुकानात गेलो. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"सर, या वेळेला राग बरोबर आहे. पण ते लयीचं जे लिहिलंत ना..."

"बोला, काका," मी म्हणालो, आणि हातातली पिशवी खाली ठेवली.