पेशीतले जाते

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. अशा मुलीने तंतुकणिकेतल्या विकरावर लिहावे, हा विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना आगाऊपणा वाटेल. पण वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण बी.एस्सी.ची आहे. परीक्षेच्या दिवसांत ती मोठ्याने पाठ करी आणि मला ऐकणे भाग पडे. शेवटी एका रात्री मीच तिची वही मागून घेतली.

आपण खाल्लेल्या भाकरीतली ऊर्जा पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये एटीपी नावाच्या रेणूत साठवली जाते. चालणे, बोलणे, विचार करणे, शरीराचा बहुतेक खर्च याच नाण्यात चालतो. हे नाणे पाडणारे विकर म्हणजे एटीपी सिंथेज.

हे विकर एकसंध नाही. ते अनेक प्रथिने जुळून झालेले आहे. या प्रथिनांना उपघटक म्हणतात. त्याच्या डोक्याकडे तीन अल्फा आणि तीन बीटा उपघटक संत्र्याच्या फोडींसारखे एकाआड एक बसलेले असतात. त्यांच्या मधोमध गॅमा या उपघटकाचा दांडा असतो. दांड्याचे दुसरे टोक तंतुकणिकेच्या आतल्या पटलात रुतलेल्या एका कड्यावर बसते. हे कडे ‘सी’ उपघटकांचे. गाईमध्ये ते ८ असतात, यीस्टमध्ये १०. कड्याला लागून ‘ए’ हा उपघटक असतो. पटलाबाहेर दाटलेले प्रोटॉन ‘ए’ आणि कडे यांच्यामधल्या वाटेने आत येतात, तेव्हा कडे फिरते आणि त्याबरोबर दांडाही फिरतो.

दांडा सगळीकडून सारखा नाही. त्यामुळे फिरताना तो प्रत्येक बीटाचा आकार पाळीपाळीने बदलतो. बीटा आधी एडीपी आणि फॉस्फेट धरतो, मग त्यांना जोडतो, मग तयार एटीपी सोडून देतो. एका फेऱ्यात तीन एटीपी होतात. अशी कल्पना पॉल बॉयर यांनी मांडली होती. जॉन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये गाईच्या हृदयातल्या या विकराच्या डोक्याची रचना उलगडली. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी एका जिवाणूच्या विकरातल्या दांड्याला चकाकता तंतू जोडला आणि तो फिरताना सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे आईला सांगितले. आई शाळेची पायरी चढलेली नाही. म्हणून मी तिला म्हटले, “आपल्या अंगात बारीक बारीक जाती आहेत. फरक एवढाच, की आपल्या जात्यात एका दाण्याचे तुकडे होतात आणि तिथे दोन तुकड्यांचा एक दाणा होतो.” तिने हातातले निवडणे थांबवले आणि विचारले, “मग खालची तळी धरतंय कोण? नायतर ती बी संगं फिरंल की गं.”

मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर मैत्रिणीची वही पुन्हा उघडली. त्यात उत्तर होते. ‘बी’ आणि आणखी काही उपघटकांचा एक दुसरा दांडा बाहेरच्या बाजूने जातो आणि डोक्याला पटलाशी बांधून ठेवतो. तो नसता तर डोकेही दांड्याबरोबर फिरले असते आणि एटीपी झाले नसते. मी वाचताना ती ओळ तशीच ओलांडून गेले होते. आईने जन्मभर जाते ओढले होते, म्हणून तिला ती उणीव लगेच दिसली.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट सापडली. या विकराचे बहुतेक उपघटक पेशीकेंद्रातल्या जनुकांवरून घडतात. त्या जनुकांत आईवडील दोघांचा वाटा असतो. पण माणसात ‘ए’ आणि त्याच्या शेजारचा एक छोटा उपघटक यांची जनुके तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएमध्ये असतात आणि तो डीएनए आपल्याला आईकडूनच मिळतो. माझ्या नावापुढे वडिलांचे नाव लागते, आडनावही त्यांचेच. प्रोटॉनला वाट देणारा ‘ए’ मात्र आईच्या घरचा, तिच्या आईचा, आजीच्या आईचा.

येत्या सुट्टीत आईला तिच्या प्रश्नाचे उत्तर सांगायचे आहे. ती आणखी काय विचारील, याची मला आतापासूनच थोडी धास्ती वाटते.